रंभाची ऊब

"मॅडम, तुम्ही नेमकी कोणती सेवा देता?" फोनवरच्या निषाद नावाच्या मुलानं पुन्हा विचारलं.

"सेवा कसली आलीय? गोधड्या शिवते मी," रंभाबाई म्हणाल्या.

"पण दुकानाचं नाव 'रंभाची ऊब' आहे."

"मग? रंभा मी. ऊब गोधडीची."

"आणि खाली लिहिलंय..." निषादनं घसा साफ केला. "'एकदा अंगावर घ्याल, तर रोज रात्री मागाल.'"

स्पीकर चालू होता. जिन्यात बसलेल्या उत्कर्षानं कपाळाला हात लावला. रंभाबाईंचे यजमान बहिरूअण्णा मात्र खुर्चीत ताठ झाले. ती ओळ त्यांची होती. गावातल्या निवडणुकांच्या घोषणा वर्षानुवर्षं तेच लिहीत आले होते.

"चाल बसलीय का न्हाई वळीला?" त्यांनी फोनकडे वाकून विचारलं.

चाल बसली होती, पण पैसे अडले होते. उत्कर्षा मूळची नांदेडची, हिंजवडीच्या कंपनीत नोकरीला आणि माणमध्ये रंभाबाईंच्या वरच्या खोलीत भाड्यानं. तिनंच हौसेनं हे ऑनलाइन दुकान उघडून दिलं होतं. लोक कार्डानं पैसे भरत आणि निषादची कंपनी ते बँकेत जमा करी. आता कंपनीच्या मशीननं ती ओळ वाचून दुकान भलत्याच धंद्यांच्या यादीत टाकलं होतं.

"माफ करा मॅडम, मशीनच ठरवतं. ओळ काढा, नाव बदला आणि नव्यानं अर्ज करा. दोन-तीन महिने लागतील."

"वळ काढते. नाव न्हाई बदलायची," रंभाबाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

"अगं, नावात काय हाय?" अण्णा म्हणाले. "'शांताची ऊब' ठिवू. समदं गाव तुला शांताच म्हनतं."

रंभाबाईंनी सुईत दोरा ओवला. लग्नात ताटातल्या तांदळावर सासूबाईंनी 'शांता' लिहिलं, तेव्हापासून त्या शांतावहिनी झाल्या, मग शांताकाकी. ताम्हिणीच्या अलीकडच्या माहेरी आई होती तोवर कुणीतरी रंभे म्हणायचं. आई गेली आणि ती हाक संपली. शाळेच्या दाखल्यावर आणि त्यावरून काढलेल्या आधार कार्डावर तेवढी रंभा उरली होती. दुकानाला काय नाव द्यायचं असं उत्कर्षानं विचारलं, तेव्हा त्यांच्या तोंडून तेच निघालं होतं.

कार्ड बंद झाल्यावर परदेशातली गिऱ्हाइकं गळाली. उरलेल्यांसाठी उत्कर्षानं मार्ग सुचवला, "काकू, माल पोचल्यावर पैसे घेऊ."

पहिलीच गोधडी बाणेरहून परत आली. 'पसंत नाही' एवढाच शेरा होता. रंभाबाईंनी घडी उलगडली, तर बामाचा भपकारा आला.

"सर्दीभर अंगावर घेतली आन् मग पसंत न्हाई व्हय!" त्या म्हणाल्या. "हे नगं. आदी पैसं, मग गोधडी."

मग अण्णांच्या फोनवरचा क्यूआर कोड गिऱ्हाइकांना पाठवायचं ठरलं. अण्णांच्या त्याच खात्यात खोल्यांचं भाडंही जमा व्हायचं. कुठले पैसे भाड्याचे आणि कुठले गोधडीचे, हे त्यांना कळेना, आणि कळत नाही हे ते कबूल करीनात. एका संध्याकाळी कोथरूडच्या एका प्राध्यापिकाबाईंचा फोन आला. त्या चांगल्याच संतापलेल्या होत्या.

"मी गोधडीचे पैसे भरले, आणि मला मेसेज आलाय, 'या महिन्यात लई उशीर केला. फुडच्या वेळी खोली खाली करावी लागंल.' हा काय प्रकार आहे?"

रंभाबाईंनी अण्णांकडे पाहिलं. अण्णा छताकडे पाहू लागले.

"जरा दाबात ठिवावं लागतं भाडेकरूंना," ते पुटपुटले.

दुसऱ्या दिवशी रंभाबाई इस्त्रीचं लुगडं नेसून उत्कर्षाबरोबर बँकेत गेल्या.

"आपलं खातं हाय की!" अण्णा दारातून ओरडले.

"तुमचं हाय," त्या रिक्षात बसता बसता म्हणाल्या.

खातं निघालं. आधारवर होतं तेच नाव खात्यावर आलं आणि तेच क्यूआर कोडवर. पहिली चाचणी शेजारची साधना हिनं केली. कोड स्कॅन केला आणि ती दचकली.

"काकी, थांबा! पैसं भलत्याच बाईला चाललेत. रंभाबाई कोन?"

"जाऊ दे त्या बाईला," रंभाबाई म्हणाल्या. "वळखीची हाय."

आठवड्याभरानं पिरंगुटहून एका सुनेनं सासूसाठी गोधडी मागवली. तिला कोड पाठवला, पैसे आले, आणि थोड्या वेळानं फोन वाजला. पलीकडे म्हातारा, चिरका आवाज होता.

"सूनबाईच्या फोनात नाव बघितलं. माणच्या बहिरूला दिलेली रंभी तूच का गं?"

रंभाबाईंच्या हातातली सुई थांबली.

"कोन बोलतंय?" त्यांनी विचारलं.

"रत्ना! आंब्यावरनं तुज्यामुळं पडली, ती. अजून हात वाकडा हाय माजा."

"माज्यामुळं? ढकललं व्हय मी तुला? तूच कैरीला हावरी!"

"आन् बालमैत्रिणीकडनं पैसं घ्यायला लाज न्हाई वाटली तुला?"

"न्हाई वाटली," रंभाबाई म्हणाल्या आणि खळखळून हसल्या. "हितं पैसं पयलं. गोधडी मातुर मी सोता घिऊन येते. तुजा हात बघायचाय."

एवढ्या मोठ्यानं त्या हसल्या की अण्णा बाहेर आले.

"कुनाचा फोन?"

रंभाबाईंनी हातानंच त्यांना आत जायला खुणावलं, अंगणातल्या पायरीवर बसल्या आणि पदर सावरून पुढे बोलू लागल्या. अण्णा काही वेळ दारात उभे राहिले. आत गॅसवर दूध वर येत होतं. कुणी येईना, तेव्हा त्यांनी आत जाऊन आधी गॅसचं भलतंच बटण फिरवलं, मग बरोबर ते सापडलं, आणि पातेल्याशेजारी ते गुपचूप उभे राहिले. बाहेरच्या बोलण्यात त्यांना मधे पडायचं नव्हतं.