निळ्या तारेची डबी

मित्रांनो, मी एक जुनी जोडडबी आहे. पण नुसती डबी म्हणाल तर खबरदार! माझं एक टोक जुन्या संगणकात, दुसरं विणकामाच्या यंत्रात. माझ्या मालकीणबाई, म्हणजे घरच्या वहिनी, पडद्यावर चौकोन भरून नमुना काढायच्या, मी तो यंत्राला सांगायची आणि स्वेटरवर बदकं उमटायची.

माझा जन्म चार टेबलांच्या एका कारखान्यात झाला. आमच्या आतल्या पट्टीवर वीज वाहून नेणारी तांब्याची एक रेघ छापायचीच राहून गेली होती. मग शेवटच्या टेबलावरची बाई प्रत्येकीच्या पाठीला हाताने एक निळी तार जोडायची. माझ्या वेळी तिला शिंक आली, म्हणून माझी तार जरा वाकडी.

पुढे कारखाना बंद पडला. माझ्यासारख्या डब्या मिळेनाशा झाल्या. तरी मी तीस वर्षं इमानेइतबारे राबले. मग मात्र थकले. अर्धी बाही विणून झाली की मी तापून गप्प व्हायची. वहिनींचे सगळे नमुने जुन्या संगणकाच्या कॅसेटींमध्ये होते आणि ते यंत्रापर्यंत पोचवणारी मी एकटीच. मी गेले की तेही कायमचे गेले. मला धडकीच भरली.

"आई, नवीन यंत्र घे की," मुलगी म्हणाली.

"आणि माझ्या नमुन्यांचं काय लोणचं घालू?" वहिनी कडाडल्या.

त्यांचे दीर रेडिओ दुरुस्त करायचे. ते म्हणाले, "वहिनी, मी अशीच नवी बनवतो." मला उघडून त्यांनी एकेक रेघ कागदावर उतरवली. निळी तार पाहून मात्र नाक मुरडलं. "कुणा धसमुसळ्याची दुरुस्ती दिसते. आपण स्वच्छ काम करू." अहो, तीच तर खरी! पण माझं ऐकतो कोण?

नवी डबी झाली. देखणी अगदी. यंत्र ढिम्म हललं नाही. दुसरी केली, तीही तशीच. तिसरीनंतर त्यांनी चष्मा काढून ठेवला. "मला नाही जमायचं, वहिनी."

वहिनींनी मला उलटं केलं आणि तारेवरून बोट फिरवलं. "भावोजी, टाका निसटला की आम्ही मागून असाच धागा ओढून घेतो. दिसतो वाकडा, पण तो कापला तर सगळी वीण उसवते. नवीलाही अशी तार जोडून तर बघा!"

"छे, छे," म्हणत त्यांनी नव्या डबीला तार जोडली. यंत्र खर्रकन हललं. पहिलं बदक उमटलं, मग दुसरं. भावोजींनी कपाळावर हात मारला, वहिनी हसता हसता रडल्या. खरं सांगते, मीही आनंदाने वेडी झाले.

मित्रांनो, जुन्याचं नवं जरूर करा. पण त्याच्या पाठीला काही वेडंवाकडं दिसलं, तर टाकून देण्याआधी ते तिथे का आहे, एवढं विचारा. कुणीतरी ते हाताने जोडलेलं असतं.

मी आता लोकरीच्या टोपलीत असते. निवृत्त? मुळीच नाही! नवीला काही झालंच, तर अर्ध्या बाहीपुरता जीव अजून माझ्यात आहे.