शिळेखालचं अस्वल

"अस्वलं बोलत नसतात, महेंद्र. तोंड बंद," श्यामकांत म्हणाला आणि त्याने वेफर्सच्या पुडीत हात घातला.

महेंद्रने तोंड बंद केलं. अंबरनाथ पूर्वेला श्यामकांतच्या हॉलमध्ये दर रविवारी दुपारी हा खेळ चाले. श्यामकांत गोष्ट रचायचा, बाकीचे त्यातलं एकेक पात्र व्हायचे आणि जमलं की फसलं ते फासे ठरवायचे. सायबर कॅफेतून नियम छापून आणले होते श्यामकांतने, पण वाचायचे कष्ट घेतले नव्हते. एमआयडीसीतल्या ऑफिसातही या साहेबांची हीच तऱ्हा. त्याच कंपनीत महेंद्र स्टोअरमध्ये होता आणि तिथे त्याला कुत्रंही विचारत नसे. इथे मात्र तो वज्रकेतू होता, विसरलेल्या लिप्या वाचणारा म्हातारा मांत्रिक. गेली तीन वर्षं जिवापाड जपलेला. वज्रकेतू बोलला की सगळे ऐकत.

आज वज्रकेतूने अस्वलाचं रूप घेऊन भुयाराची कोसळती शिळा पाठीवर तोलून धरली होती. रूप बदललं की ताकद अस्वलाची, डोकं मात्र स्वतःचंच, असा नियम. त्यामुळे समोरच्या दोन रांजणांवरची लिपी त्याला वाचता येत होती, सांगता येत नव्हती. उजव्यात किल्ली, डाव्यात विषारी धूर.

आणि रांजण फोडायला निघाला होता अल्पेश! दोन फाशांची बेरीज बोटांवर करणारा दिवटा. त्याची बहीण जिज्ञासा मोबाइलवर साप पळवत बसली होती.

"डावावालाच फोडतो," अल्पेश म्हणाला. "दिल बोलतंय माझं."

महेंद्रने जोरात मान हलवली, टेबलावर थाप मारली.

"अस्वल पिसाळलं," श्यामकांत हसला. "तुम्हाला काय कळलं नाही."

बोलायला माणूस व्हावं, तर शिळा अंगावर. या नगांसाठी मरायचं? महेंद्रला त्यांची मनापासून शिसारी आली. धुरात ही दोघं मेली असती, अस्वल तगलं असतं. मरेनात का! पण सगळं कळत असून गप्प बसायचं, हे तर तो आठवडाभर कंपनीत करतच होता.

"मी परत माणूस होतो," तो म्हणाला. "डावा फोडू नका. विष आहे त्यात."

"माणूस झालास? मग ताकद गेली. शिळा आली अंगावर. खलास."

एवढा एकच नियम त्या माणसाने बरोबर लावला.

"काय यार दादा," अल्पेश म्हणाला, "मस्करी करत होतो मी. उजवाच फोडणार होतो."

"नवीन बनव ना कोणतरी," श्यामकांतने बोटांवरचं मीठ चाटलं. "हमाल बनव. तुला सूट होईल."

महेंद्रने आपली घडीची खुर्ची मिटून भिंतीला लावली. आत श्यामकांतची बायको उमा चहा गाळत होती. "वहिनी, येतो," तो म्हणाला. चहा घेऊन जा, असं ती म्हणेपर्यंत तो दाराबाहेर होता.

चपला घालताना त्याला हॉलमधला आरडाओरडा ऐकू आला. त्यांना किल्ली सापडली होती.