वर्णानुक्रमे कबुली

आमच्या हॉस्पिटलच्या प्रमुखांचा मेहुणा इथल्या कॉम्प्युटर विभागात चिकटला, त्याला आता दोन वर्षं झाली. कुठलंही काम सांगा, हा म्हणणार, "एका ओळीत होतं." मग स्क्रीनवर आज्ञा लिहायची काळी खिडकी उघडायची, इंग्रजीत चार अक्षरं बडवायची आणि खुर्ची मागे रेटून आपल्याकडे बघायचं. आपण टाळ्या वाजवाव्यात अशी अपेक्षा असते. आम्ही त्याला एकओळ्या म्हणतो. अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालेला माणूस, त्यातून मेहुणा. त्याला बोलणार कोण?

मी इथली लघुलेखिका. माणसं बोलतात ते जसंच्या तसं उतरवायचं, हे माझं काम, आणि बावीस वर्षं मी ते चोख केलंय. गेल्या महिन्यात एका वॉर्डाच्या कपाटातून दुखण्यावरच्या इंजेक्शनांची तीन खोकी गेली. चावी सिस्टरकडे, म्हणून संशय सिस्टरवर. चौकशीला तीन डॉक्टरांची समिती बसली. अध्यक्ष त्यांतले सगळ्यात वरिष्ठ आणि सगळ्यात घाईत. चोरी सिद्ध झाली की सिस्टरची नोकरी जाणार होती, आणि तिच्या घरात कमावणारी ती एकटीच.

बत्तीस प्रश्न वरून तयार आले होते. ते एका फाइलमध्ये. समितीला वेळ नव्हता, म्हणून ते मीच सिस्टरला वाचून दाखवले, तिची उत्तरं वहीत उतरवली आणि मग दुसऱ्या फाइलमध्ये टाइप केली, प्रश्नांच्या क्रमाने, एका ओळीत एक उत्तर.

अध्यक्षांना 'आठवत नाही' हे उत्तर किती वेळा आलं ते मोजून हवं होतं. बत्तीस ओळींत ते पोरालाही मोजता आलं असतं. पण एकओळ्या धावला. त्याने काळ्या खिडकीत 'सॉर्ट' असं लिहून पुढे माझ्या फाइलचं नाव दिलं. या आज्ञेने फाइलमधल्या ओळी अक्षरांच्या क्रमाने लागतात, अ आधी आणि ह शेवटी. सारखी उत्तरं एकाखाली एक आली. 'आठवत नाही' तीनदा होतं. इथवर ठीक. पण त्या दीडशहाण्याने निकाल त्याच फाइलवर लिहिला, त्यामुळे माझा क्रम पुसला गेला. मग तीच फाइल प्रश्नांच्या शेजारी चिकटवून, छापून तो मोकळा झाला.

सुनावणीच्या दिवशी अध्यक्षांनी थेट शेवटचं पान उघडलं.

"कपाट तुम्ही उघडलंत का? हो. खोकी तुम्ही काढलीत का? हो. बाहेर कुणाला दिलीत का? हो." त्यांनी चष्मा काढला. "स्वच्छ कबुली आहे, सिस्टर. आता बडतर्फीशिवाय आम्ही तरी काय करणार?"

"मी असं बोललेच नाही, सर."

"मग कागद खोटं बोलतोय का?"

"बघू द्या मला." तिने कागद जवळजवळ ओढूनच घेतले आणि पहिल्या पानापासून मोठ्याने वाचायला लागली. "तुमचं नाव? अकरा वर्षं. नोकरीला किती वर्षं झाली? आठवत नाही. वॉर्ड कोणता? आठवत नाही. शिक्षण? आठवत नाही. औषधांचं कपाट कुठे असतं?" त्यापुढे तिचं स्वतःचं नाव छापलं होतं, आडनावासकट.

एक डॉक्टर हसला, आणि अध्यक्षांनी बघितल्यावर खोकायला लागला. एकओळ्याला बोलावणं गेलं. तो बिनघोर आला.

"मी फक्त सॉर्ट केलं, सर. उत्तरं सगळी आहेत. मोजून घ्या, एकही कमी नाही."

उद्या हा पेशंटचे हातपाय लांबीप्रमाणे लावून ठेवेल आणि म्हणेल, मोजून घ्या, एकही कमी नाही. मला त्याच्याकडे बघवेना. मी वही काढली आणि सिस्टर जे बोलली होती तेच वाचून दाखवलं. खोकी काढलीत का? नाही. बाहेर दिलीत का? नाही. मग त्याआधीचे प्रश्न वाचले. कपाटाचं कुलूप बिघडल्याचं कळवलं होतं का? हो. लेखी? हो. पोच आहे का? हो.

अध्यक्षांनी बडतर्फीचं पत्र फाइलखाली सरकवलं. सही करून तयारच ठेवलं होतं ते. "सिस्टर, तुम्ही कामावर जा," ते म्हणाले. माफीचा शब्द नाही. उलट आवाज चढवून विचारतात, "पण ही चूक कुणाच्या लक्षात कशी आली नाही?"

सिस्टर कागद उलटत होती. प्रत्येक पानाखाली 'वाचून तपासले' असा शिक्का होता. शिक्क्याखाली तिघा डॉक्टरांच्या सह्या. शिकलेली, मोठ्या पगाराची माणसं, आणि पहिली ओळ वाचायचेसुद्धा कष्ट घेतले नव्हते कुणी. त्या तिघांची मला किळस आली.

चौथी सही माझी होती.

आदल्या दिवशी संध्याकाळी पावणेपाचला एकओळ्या गठ्ठा घेऊन आला होता. मीच टाइप केलंय, त्यात काय बघायचं, असं म्हणून मी उभ्याउभ्या सगळ्या पानांवर सह्या ठोकल्या होत्या. पर्स खांद्याला होती.

सिस्टरने त्या सहीवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. आवाज चढवला नाही.

"ताई," ती म्हणाली, "या तिघांना माझं नावही माहीत नाही. तुम्हाला माहीत होतं."