नेनितासाठी बेटाला तीन फेऱ्या

मित्रांनो, रारोटोंगा बेटाच्या एकुलत्या एका गोल रस्त्यावर धावून धावून दमलेली मी एक पांढरी व्हॅन आहे. माझा मागचा दरवाजा दोरीने बांधलेला आहे. समुद्राचा खारा वारा माझे पत्रे रोज थोडे थोडे खातो. म्हणून जरा सावकाश सांगते.

माझा जन्म जपानचा. तिथे एका मासळीवाल्याने मला नऊ वर्षे राबवले आणि मग जहाजावर चढवून दिले. इथे उतरले तेव्हा तेपाएरू नावाच्या बाईने मला घेतले. दर शनिवारी ती मला गोड्या पाण्याने धुवायची आणि रविवारी चर्चला जाताना आपली पांढरी टोपी शेजारच्या सीटवर ठेवायची. तेपाएरूची गाडी आरशासारखी आहे, असे लोक म्हणायचे. पुढे तिचे गुडघे गेले आणि तिने मला हॉटेलातल्या तीन फिलिपिनो कामगारांना देऊन टाकले. त्यानंतर मला कोणी धुतले नाही. त्यांचा त्यात दोष नव्हता. त्यांना स्वतःकडे बघायला वेळ नव्हता, तिथे माझ्याकडे कोण बघणार?

रोडेल हॉटेलच्या स्वयंपाकघरात होता. त्याची बायको फ्लोरिता धुलाईच्या खोलीत. आणि नेनिता खोल्या आवरायची, दिवसाला चौदा. तिला घर सोडून अकरा वर्षे झाली होती. संध्याकाळी ती मागच्या सीटवर बसायची, चपला काढायची आणि पहिले वळण येण्याआधीच झोपायची. राहत्या खोलीपासून हॉटेल, हॉटेलपासून खोली, एवढाच तिचा रस्ता. बेट फिरायला म्हणून ती कधी माझ्यात बसली नाही.

एका सोमवारी तिची आई तिकडे गावी वारली. नेनिताचा पासपोर्ट कामाच्या परवान्याच्या मुदतवाढीसाठी सरकारी कचेरीत जमा होता. तो हातात येईपर्यंत तिला विमानात बसता येणार नव्हते. गावाने शनिवारी सकाळी दफन ठरवले. तिकडची शनिवारची सकाळ म्हणजे इकडची शुक्रवारची दुपार. नेनिता आठवडाभर कामावर आली. चादरी ताणल्या, आरसे पुसले, पाहुण्यांना हसून नमस्कार केला. तिचा धाकटा भाऊ दोमिंग रोज फोन करायचा आणि रोज तेच ऐकवायचा: तू पाठवलेली सामानाची खोकी वेळेवर येतात, तू येत नाहीस. ती ऐकून घ्यायची.

शुक्रवारी दुपारी फ्लोरिताला ती एका खोलीत सापडली. नुकत्याच आवरलेल्या पलंगाच्या कडेला बसलेली. कामवाल्यांनी पाहुण्यांच्या पलंगावर बसायचे नसते, आणि अकरा वर्षांत नेनिता कधी बसलीही नव्हती. फ्लोरिता सरळ मुकादमीणबाईंकडे गेली आणि तिघांसाठी उरलेल्या दिवसाची सुटी मागून आली.

"कुठं नेताय मला?" नेनिताने विचारले.

"या बेटावर कुठं नेणार, ताई?" रोडेल म्हणाला. "नाकासमोर निघालं की आपल्याच दारात येतं. तू फक्त बस."

आम्ही निघालो. फ्लोरिताने भात आणि आंबट रश्श्यातल्या कोंबडीचा डबा घेतला होता. तो कोणी उघडला नाही. डाव्या हाताला निळा समुद्र होता, उजवीकडे डोंगर. रस्त्यात कोंबड्या आडव्या येत होत्या आणि रोडेल त्यांच्याशी भांडत होता, नेनिताला हसू यावे म्हणून. ती हसली नाही. खिडकीला कपाळ टेकून ती बाहेर बघत राहिली. इथे लोक आपली माणसे घरासमोरच पुरतात. दर दोनचार घरांपुढे कबर होती, कुठे पत्र्याचे छप्पर घातलेली, कुठे ताज्या फुलांची माळ चढवलेली. तिने एकही नजरेआड होऊ दिली नाही.

पाऊण तासाने आम्ही जिथून निघालो तिथे पोचलो.

"उतरायचं, ताई?"

"नको. अजून एकदा."

दुसऱ्या फेरीत दोमिंगचा फोन आला. पडद्यावर चर्च दिसणार होते, शवपेटी दिसणार होती. नेनिताने फोन पालथा घातला. "एवढ्याशा चौकटीत मला आई बघायची नाही," ती म्हणाली. फोन वाजून वाजून थांबला.

तिसऱ्या फेरीची आज्ञा झाली तेव्हा मला धाप लागली होती. माझ्या इंजिनाला इतके धावायची सवय राहिली नव्हती. तितिकावेका गावाजवळ माझ्या नाकातून वाफ यायला लागली. रोडेलला तेपाएरूचे घर ठाऊक होते. त्याने मला कसेबसे तिच्या फाटकात ढकलले.

म्हातारी अंगणात नवऱ्याच्या कबरीपाशी स्टुलावर बसली होती. बादलीत ब्रश बुडवून ती पांढऱ्या फरशा घासत होती. माझ्याकडे पाहून ती म्हणाली, "माझी गाडी तहानलेली ठेवता आणि वर पळवता?" मग तिने तिघांचे चेहरे पाहिले, आणि कामाच्या दिवशी इकडे कसे, म्हणून विचारले. रोडेलने खालच्या आवाजात सांगितले. तेपाएरूने सांत्वन वगैरे केले नाही. तिने ब्रश नेनितापुढे धरला.

"माझे गुडघे वाकत नाहीत. पलीकडची बाजू राहिली आहे."

नेनिता खाली बसली आणि घासू लागली. फरशांच्या फटींतले शेवाळ तिने नखाने काढले. अनोळखी माणसाच्या कबरीचा कोपरा न् कोपरा तिने घासला. माझे इंजिन तोवर निवत होते आणि रोडेल त्यात थोडे थोडे पाणी घालत होता.

पुन्हा फोन वाजला. तिचे हात ओले होते. फ्लोरिताने फोन तिच्यापुढे धरला.

"झालं सगळं," दोमिंग म्हणाला. आज त्याच्या आवाजाला धार नव्हती. "कपाट उघडलं, तिला घालायला काहीतरी काढावं म्हणून. तू पाठवलेले सगळे टॉवेल तसेच आहेत. एकही वापरला नाही तिनं. काकी म्हणाली, नेनिता आली की अंघोळीला लागतील, असं आई म्हणायची." तो थांबला. "मी काही हलवलेलं नाही, ताई. तू ये, मग बघू."

तेव्हा कुठे नेनिता रडली. तेपाएरू तिच्या पाठीवर हात ठेवून बसली आणि किती वेळ झाला ते कोणी पाहिले नाही.

परतताना दुकान दिसले तसा रोडेलने वेग कमी केला. दफनानंतर त्यांच्याकडे सरळ घरी जात नाहीत. वाटेत कुठेतरी थांबतात, म्हणजे गेलेला जीव मागोमाग घरात येत नाही. तो म्हणाला, दोन मिनिटे थांबू, काहीतरी घेऊ.

"नको," नेनिता म्हणाली. "कुठं थांबू नकोस. सरळ घरी चल. आली माझ्यामागं तर येऊ दे."

रोडेलने गिअर बदलला. मित्रांनो, मी तुम्हाला खोटे सांगणार नाही. माझ्यात तिघांचेच वजन होते. पण फ्लोरिता सरकून खिडकीशी गेली आणि मधली जागा तिने घरापर्यंत मोकळी ठेवली.

पासपोर्ट पुढच्या गुरुवारी मिळाला. नेनिता गावी गेली, दोन महिन्यांनी परत आली आणि पुन्हा चौदा खोल्या आवरू लागली. आता दोमिंग फोनवर आधी विचारतो, जेवलीस का. माझे इंजिन मात्र त्या दिवसानंतर नीट चालले नाही. आता मी परत तेपाएरूकडे, तिच्या अंगणात उभी आहे. माझ्या सीटवर कोंबड्या अंडी घालतात आणि मला त्याचा राग येत नाही. दमलेल्याला कुणी नुसते उभे राहू दिले तरी पुष्कळ वाटते.

तुम्ही कधी परगावी उतरलात आणि तुमची खोली आवरायला कोणी बाई आली, तर तिला विचारा, घरी कोण कोण असतं. आणि विचारलेत तर तिचे सांगून होईपर्यंत तिथून हलू नका.