पॉलिशवाल्याची बेअरिंगं

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा विमानांचे सुटे भाग विकायचा. आमच्या हँगरमध्ये, म्हणजे विमानं दुरुस्त करायच्या शेडमध्ये, त्याला सगळे पॉलिशवाला म्हणत. त्याचे बूट चकाकत, केस चकाकत आणि त्यानं पुरवलेला माल तर आरशासारखा चकाके. मी तिथंच तपासणी अभियंता होते, त्यामुळे या सोयरिकीचा ठसका मला घरी आणि कामावर दोन्हीकडे लागायचा.

त्या दिवशी त्याच्याकडून चाकांची बेअरिंगं आली. खोका कोरा, सील कोरं, सोबत झकास प्रमाणपत्र. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा! एक बेअरिंग उजेडात धरलं, तर आतल्या कडेला निळसर झाक दिसली. लोखंड भयंकर तापलं की अशी झाक येते, आणि ती कितीही घासली तरी कोपऱ्यात राहतेच. शिवाय कोरलेल्या नंबराखाली आधीच्या नंबराचे ओरखडे. भंगारात काढलेल्या कुठल्यातरी विमानाचा हा माल घासून-पुसून पुन्हा बोहल्यावर उभा केला होता.

मी ते बेअरिंग घेऊन आमच्या मुख्य साहेबांकडे गेले. त्यांचं नाव जाऊद्या साहेब. काहीही सांगितलं की ते म्हणायचे, "जाऊ द्या हो." विमानं दुरुस्त करणाऱ्या जागी असा माणूस बसवणाऱ्याच्या विनोदबुद्धीला दाद द्यायला हवी.

"साहेब, हे बेअरिंग जुनं आहे. तापलेलं आहे."

"प्रमाणपत्र आहे ना?"

"प्रमाणपत्र चाकाला बसवायचं का?"

"तुम्ही फार खोलात शिरता, बाई. ते विमान उद्या दुपारी उडायलाच पाहिजे. वरून फोनवर फोन येताहेत. जाऊ द्या."

मी सही करणार नाही म्हटलं. त्यांनी सही करणारा दुसरा शोधला. असले लोक शोधायला लागत नाहीत, ते दाराबाहेरच उभे असतात. माझ्या डोळ्यांदेखत बेअरिंगं बसली आणि मला सांगण्यात आलं, की यापुढं तुम्ही प्रवाशांच्या खुर्च्यांचे पट्टे तपासा.

उद्या दुपारचं विमान म्हणताच मला बहिणीचा बेत आठवला होता. बहीण, तिची मुलगी आणि पॉलिशवाला त्याच विमानानं सुट्टीला निघाले होते. मी अर्धी रजा टाकून थेट त्यांच्या घरी गेले.

दिवाणखान्यात उघड्या बॅगा पसरल्या होत्या. बहीण कपडे भरत होती, तर पॉलिशवाला सोफ्यावर पाय पसरून तिला भरायचं कसं ते शिकवत होता.

"या ताई, या! काय म्हणतंय हँगर?"

"तुमची बेअरिंगं बसली आज. तुम्ही उद्या ज्यातून जाणार आहात ना, त्याच विमानाला."

तो हसला. पण हसू ओठांवर यायला नेहमीपेक्षा वेळ लागला.

"मग तर बिनघोर! घरचाच माल!"

"ताई, तुझं सुरू झालं का पुन्हा?" बहीण वैतागली. "यांच्या धंद्यात खोट काढल्याशिवाय तुला घास गिळत नाही. एवढं वाईट असतं, तर हे स्वतः बसले असते का त्यात?"

मुद्दा बिनतोड होता. पॉलिशवाला मात्र उठला, "एक फोन करून येतो," म्हणाला आणि बाल्कनीत जाऊन त्यानं दार ओढून घेतलं.

थोड्या वेळानं बहिणीला आठवलं, की मुलीचा स्वेटर बाहेर वाळत टाकलाय. तिनं दार उघडलं. तो पाठमोरा उभा होता.

"नाही नाही, फक्त माझं एकट्याचं तिकीट बदला," तो फोनवर सांगत होता. "संध्याकाळच्या विमानात टाका. बायको आणि मुलगी दुपारच्यानंच जातील. तिघांचं बदललं तर मेहुणी गावभर बोंबलेल."

बहीण स्वेटर न काढताच तिथं उभी राहिली. तो वळला. चेहरा पार उतरला होता; पहिल्यांदाच त्याच्यावर काहीच चकाकत नव्हतं.

"अगं, ऐक तरी. एक मीटिंग आलीय मध्येच. मी मागून येणारच होतो."

"कशाला? ओळख पटवायला?"

तो काहीतरी पुटपुटला. लग्नानंतर इतक्या वर्षांत मी तिला त्याच्याशी 'अहो'शिवाय बोलताना ऐकलं नव्हतं. आता ती म्हणाली, "गोडाऊनच्या किल्ल्या दे."

"हे बघ, तू उगाच..."

"दे म्हटलं ना तुला."

त्यानं दिल्या. एवढाही कणा नव्हता त्याला.

मुलीला शेजारी सोडून आम्ही दोघी गोडाऊनवर गेलो. रॉकेलच्या बादल्यांत जुने भाग भिजत घातलेले, टेबलावर घासायचं चाक, बाजूला नंबर ठोकायचे ठसे, आणि भिंतीलगत कोऱ्या खोक्यांची उतरंड. मी विमान सुरक्षा खात्याच्या तपासनिसाला फोन केला. तो आला तेव्हा बहिणीनं स्वतः एकेक कपाट उघडून दाखवलं. ती रडली नाही. फक्त एकदा म्हणाली, "ताई, मी यालाच मेहनती म्हणायचे."

विमान उडालं नाही. चाक उतरवलं, तर एका बेअरिंगची आतले रोलर धरून ठेवणारी जाळी तडकलेली निघाली, आणि तीसुद्धा विमान नुसतं जमिनीवर ओढत नेल्यानं. धावपट्टीवर भरल्या विमानाखाली तिचं काय झालं असतं, हे मी बहिणीला सांगितलं नाही आणि तिनंही विचारलं नाही.

जाऊद्या साहेबांनी चौकशीत छाती फुगवून सांगितलं, की आमची यंत्रणा किती सावध आहे पाहा, चूक आम्हीच वेळेत पकडली. त्यांच्या त्या सही करणाऱ्या माणसानं साक्ष दिली. उंदराला मांजर साक्ष! तपासनिसानं शेवटी दोघांचेही परवाने काढून घेतले. मला माझं चाकांचं काम परत मिळालं, कुणी चकार शब्द न काढता.

पॉलिशवाल्यावर खटला उभा राहिला. जामिनावर सुटल्यावर त्यानं नातेवाईक मध्यस्थीला पाठवले. त्यातले एक काका मोठ्या गांभीर्यानं म्हणाले, "माणूस घाबरला, त्यात एवढं काय? जीव कुणाला प्यारा नसतो?"

बहीण मुलीची वेणी घालत होती. वेणी पुरी झाल्यावर तिनं वर पाहिलं.

"खरंय काका," ती म्हणाली. "मलाही आहे. म्हणून तर वेगळी राहते."