वायरीतून न आलेलं

माझा नवरा सत्यजीत जाऊन वर्ष झालं, तरी त्याची डिजिटल डायरी रोज पहाटे वाजायची. तळोज्याला जाणारी कंपनीची बस चुकू नये म्हणून त्यानेच लावलेला अलार्म. सासूबाई करवादायच्या, "अरुंधती, बंद कर गं ते एकदाचं!" पण भलतंच बटण दाबलं तर सगळ्यांचे फोन नंबर पुसले जातील, म्हणून मी हात लावत नव्हते.

शेवटी स्क्रीन पुसट व्हायला लागला. पनवेलच्या बाजारात हसनभाईंनी नवी डायरी दाखवली आणि दोन्ही वायरने जोडल्या.

"भाभी, नंबर सगळे आले. अलार्म तेवढा वायरीतून येत नाही. टाइम सांगा, लावून देतो."

"काही नको," मी फटकन म्हणाले. "वर्षभर डोक्याला ताप झालाय नुसता." जुनी डायरी त्यांच्याच काउंटरवर टाकून आले.

दुसऱ्या दिवशी जाग आली तेव्हा उन्हं खिडकीत आली होती. स्वयंपाकघरात सासूबाई उभ्या होत्या. ओट्यावर सत्यजीतचा डबा भरून ठेवलेला.

"त्याला उठव गं," त्या घाबऱ्याघुबऱ्या होऊन म्हणाल्या, "आज त्याचं ते वाजलंच नाही."