स्केअरचं वाक्य

उद्या पोरीची इंग्रजीची तोंडी परीक्षा, आणि ही बया वर्गात तोंडात मिठाची गुळणी धरून बसते! याही वेळी बोलली नाही तर पुढच्या वर्गात घालणार नाही, असं बाईंनी बजावलं होतं. तेव्हापासून तिच्या बापाचा जीव टांगणीला लागला होता.

बाप पत्र्याच्या कारखान्यात कामाला. तिथं यंत्रं अशी धडाडतात की बोलायचं तर घसा फोडायचा, नाहीतर हातानं खूण करायची. तळहात वर केला की वाढव, खाली दाबला की कमी कर. त्याचे कान केव्हाच अधू झाले होते, पण कबूल कोण करतो! घरात सगळे पुटपुटतात, ही उलट त्याचीच तक्रार.

"चल, 'स्केअर'चं वाक्य कर," स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तो म्हणाला. म्हणाला कसला, गरजलाच. "स्केअर म्हणजे घाबरवणं. पाठ केलेलं नको, स्वतःचं सांग."

पोरीचे ओठ हलले.

"मोठ्यानं!"

पुन्हा हलले. भांडी घासणाऱ्या आईचे हात मात्र थांबले.

"अगं, मला ऐकू येईना, तर बाईंना काय कपाळ ऐकू येणार? अजून मोठ्यानं!" त्यानं टेबलावर हात आपटला. राग नव्हता हो, काळजी होती. पण काळजी दिसत नाही, हात दिसतो.

"माय फादर स्केअर्स मी!" पोरगी किंचाळली आणि रडायलाच लागली.

बापानं सवयीनं चूक शोधली. एकही नव्हती. वाक्य चोख होतं, आणि खरंही होतं. वर्गात कुणी काही विचारलं, की पोरीला हाच हात आठवत असणार.

"बरोबर आहे," तो जमेल तितक्या हळू म्हणाला.

पोरगी दचकून मागे सरली.

"मोठ्यानं बोललो का गं?" त्यानं बायकोला विचारलं.

"तुम्ही घरात कायम असंच बोलता."

हे त्याला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. छाती कुणाची होती?

"बरोबर आहे," तो पुन्हा म्हणाला. पोरीनं नाक पुसलं आणि त्यानंच कधीतरी हौसेनं शिकवलेली खूण केली. तळहात खाली. त्यानं आवाज उतरवला. तळहात अजून खाली. शेवटी त्याचे शब्द त्याला स्वतःलाच ऐकू येईनात, तेव्हा कुठे तिनं तो हात टेबलावर ठेवला, त्याच्या हाताशेजारी.

"आता पुढचा शब्द विचारा, बाबा," ती म्हणाली, आणि ते त्याला ऐकू आलं.